चुकलेला प्रोग्राम वाचताना

कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात उतरवणारा प्रोग्राम. त्याच्याविषयी जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक वेगाविषयी असतं. कुणाचा कोड किती झपाट्यानं पळतो, कोण लूप उलगडून ठेवतो, कोण बिनकामाच्या ओळी गाळून टाकतो. या सगळ्या चर्चेत समोर आलेला प्रोग्राम बरोबर आहे, हे धरूनच चाललेलं असतं. पण प्रोग्राम लिहिणारं माणूस, मग ते पहिल्या वर्षाचं पोरगं असो की कंपनीत मुरलेला इंजिनिअर, दिवसभर कंपायलरपुढे ठेवत असतं ते बहुतेक चुकलेलंच असतं. कुठे कंस राहिलेला, कुठे नाव चुकलेलं, कुठे आकड्याच्या जागी मजकूर. बरोबर प्रोग्राम सगळ्यात शेवटी येतो, आणि तो आला की कंपायलरशी बोलणंच संपतं.

मी ज्या भागावर काम करते तो या चुकलेल्या प्रोग्रामांचा पहिला वाचक. त्याला फ्रंट-एंड म्हणतात. आधी अक्षरं जोडून शब्द ओळखायचे, हे लेक्सरचं काम. मग शब्दांची मांडणी नियमात बसते का ते पाहून त्याचं झाड करायचं, हे पार्सरचं. त्यानंतर झाडाला अर्थ आहे का ते तपासायचं: हे नाव आधी जाहीर केलं होतं का, आकड्यात मजकूर मिळवला जातोय का, फंक्शनला तीन किमती हव्या असताना दोनच दिल्या आहेत का. एवढं पार पडलं की ते झाड मधल्या भाषेत (मूळ प्रोग्राम आणि प्रोसेसरची भाषा यांच्या मधल्या) उतरवून मागच्या भागाच्या हवाली करायचं. तिथून पुढचा मामला कंपायलर आणि प्रोसेसर यांच्यातला. माणसाशी जे काही बोलणं व्हायचं ते इथेच होतं.

मी परभणीत इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. पाथरी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, मानवत इथून ही मुलं-मुली येतात. बरीचशी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. गणित पक्कं असतं. कागदावर फ्लोचार्ट काढायला सांगा, बिनचूक काढतात. मग लॅबमध्ये पहिलाच प्रोग्राम टाइप होतो, स्क्रीनच्या खालच्या अंगाला इंग्रजीत तीन-चार ओळी उमटतात आणि पोरगी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवते. "मॅडम, हे कामून येईना?" विचारताना ती स्क्रीनकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. त्या ओळी आपल्यासाठी लिहिलेल्या आहेत, हे तिला वाटतच नाही.

ज्यांनी टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या निळ्या खिडकीत सी भाषा गिरवली त्यांना 'एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड' हा संदेश आठवत असेल. कुणी 'अ + ब = क' असं लिहिलं की तो यायचा. बरोबरच्या (=) चिन्हाच्या डावीकडे ज्यात किंमत साठवता येईल असं काहीतरी हवं, एवढंच त्याला म्हणायचं असे. गणिताच्या वहीत ते समीकरण बरोबरच असतं, म्हणून तर पोरानं ते तसं लिहिलेलं. त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की इथे बरोबरचं चिन्ह म्हणजे 'उजवीकडची किंमत डावीकडे ठेव', तेव्हा बाजू उलटवून बघ. संदेशात त्यातलं काहीच नव्हतं. कंपायलर लिहिणारा आपल्या मनात चुकीला जे नाव देतो ते त्यानं तसंच छापलं होतं.

म्हणून आम्ही काही जणांनी मिळून एक छोटा मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही आतला कोड पाहता-बदलता येईल असा, फ्रंट-एंड लिहायला घेतला. भाषा सीचाच एक तुकडा, शिकण्यापुरता. त्यात नावं देवनागरीतही लिहिता येतात आणि संदेश मराठीत येतात. 'इफ', 'व्हाइल', 'रिटर्न' हे राखीव शब्द मात्र आहेत तसेच ठेवले. यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. काहींना ते शब्दही मराठीत हवे होते. माझं मत आजही तेच आहे: सीच्या १९८९ सालच्या मानकात राखीव शब्द ३२. बत्तीस शब्द कोणतंही लेकरू आठ दिवसांत तोंडपाठ करतं, आणि पुढे नोकरीत त्याला तेच लागणार असतात. अडतं ते चूक झाल्यावर, आणि तिथे त्याच्या भाषेत बोलणारं कुणी नसतं.

अर्धविरामाची गोष्ट घेऊ. सीमध्ये वाक्य संपलं की अर्धविराम द्यावा लागतो आणि नवशिक्याचा तोच राहतो. बेरीज करणाऱ्या ओळीला अर्धविराम दिला नाही आणि पुढच्या ओळीत 'प्रिंटएफ' (पडद्यावर छापायची आज्ञा) लिहिलं. जुने कंपायलर चूक कुठे दाखवायचे? 'प्रिंटएफ'च्या ओळीत. पोरगा ती ओळ बघतो, त्यात काहीच चुकलेलं नसतं. मग खोडतो, पुन्हा टाइप करतो, अवतरणचिन्हं बदलून बघतो, शेजारच्याची ओळ जशीच्या तशी उतरवून घेतो. संदेश तोच. लॅबच्या दोन तासांतला अर्धा तास एका बिनचूक ओळीवर जातो.

असं का होतं, हे पार्सरच्या जागी बसून पाहिलं की कळतं. सीच्या लेखी ओळ बदलणं आणि मोकळी जागा यात फरक नाही. 'बेरीज = अ + ब' इथवर वाचून झालं तरी राशी संपली की नाही हे पार्सरला सांगता येत नाही; पुढे गुणाकाराचं चिन्ह येऊ शकतं, आणखी एक अधिक येऊ शकतं. म्हणून तो पुढचा शब्द बघतो. तो भेटतो खालच्या ओळीत, 'प्रिंटएफ'. इथे हे नाव यायला नको होतं, हे पार्सरला त्या जागी कळलं, म्हणून त्यानं बोट तिथे ठेवलं. जिथे कळलं ती जागा आणि जिथे चुकलं ती जागा, या दोन निराळ्या असतात. यावर इलाजही अगदी छोटा आहे. आधीचा शब्द कुठे संपला ते पार्सरनं लक्षात ठेवायचं, आणि 'हवं होतं ते आलं नाही' या जातीची चूक असेल तर त्या संपलेल्या जागी बोट ठेवायचं. कोडमध्ये एक जास्तीचं चल लागतं, बाकी काही नाही. क्लँग या सीच्या नव्या कंपायलरनं हे पहिल्यापासून केलं. जीसीसी हा सीचा जुना मुक्तस्रोत कंपायलर पहिल्यांदा १९८७ साली आला आणि हरवलेला अर्धविराम त्याच्या खऱ्या जागी दाखवायला लागला तो आठव्या आवृत्तीत, २०१८ साली. मधली तीस वर्षं जगभरातली मुलं बिनचूक ओळी खोडत होती.

कुणाला नावं ठेवायला हे सांगत नाहीये. जीसीसी लिहिणाऱ्यांनी मोफत दिलेल्या कामावर आज आमच्या लॅबमधली लिनक्स चालते. पण इतकी साधी दुरुस्ती इतकी वर्षं का राहिली, हा प्रश्न मला सोडत नाही. मला वाटतं, कारण आमच्या विषयाच्या पायातच आहे. व्याकरण म्हणजे बरोबर वाक्यांचं वर्णन. अल्गोल ६० या प्रोग्रामिंग भाषेच्या वेळी जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्या हातून व्याकरण लिहिण्याची जी पद्धत रुळली तिच्यात कोणता प्रोग्राम चालेल हे नेमकं सांगता येतं. न चालणाऱ्याविषयी ती एक अक्षर बोलत नाही. पीटर इंगरमन यांनी १९६७ साली, ही पद्धत पाणिनीच्या सूत्रांशी इतकी जुळते की तिला पाणिनी-बॅकस म्हणावं, असं सुचवलं होतं. वर्गात हे सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावर अभिमान दिसतो आणि मलाही बरं वाटतं. पण त्याच परंपरेत पतंजलींनी महाभाष्याच्या सुरुवातीला एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवली आहे: शुद्ध शब्द एक, त्याचे अपभ्रंश पुष्कळ; 'गौः'चे गावी, गोणी, गोता असे कितीतरी होतात; तेव्हा शुद्ध तेवढे शिकवणं सोपं पडतं. व्याकरण लिहिणाऱ्यानं हे म्हणणं योग्यच. फ्रंट-एंड लिहिणाऱ्याला मात्र ती सोय नाही. त्याच्या दारात येतात ते गावी, गोणी आणि गोताच.

आमच्या अभ्यासक्रमाचंही तसंच. कंपायलरच्या पेपरात फर्स्ट आणि फॉलो काढा, एलआरचा तक्ता भरा, हे प्रश्न ठरलेले. पुढचा शब्द पाहून पार्सरनं काय करायचं ते ठरवणारे हे तक्ते. मुलं ते तक्ते पाठ होतील इतक्या वेळा भरतात. व्याकरण दिलं की पार्सर आपोआप तयार करून देणारं याक हे साधन १९७० च्या दशकात बेल लॅबमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी लिहिलं, तक्त्यांचा मान तिथून वाढला. तो सिद्धांत सुंदर आहे आणि शिकवायलाच हवा. पण चालू कंपायलर उघडून पाहिले तर वेगळं चित्र दिसतं. जीसीसीनं सी प्लस प्लसचा तक्त्यांवर चालणारा पार्सर २००४ साली बाजूला ठेवला आणि हातानं लिहिलेला घेतला. सीचा २००६ साली. गो भाषेच्या कंपायलरनं १.६ या आवृत्तीत, २०१६ साली तेच केलं. क्लँगचा आणि रस्ट भाषेच्या कंपायलरचा पार्सर हातानंच लिहिलेला. यामागे कारणं बरीच, पण त्यातलं एक मोठं कारण असं की तक्त्यातल्या घरात आकडा असतो, आणि चूक झाली तेव्हा आपण काय वाचत होतो हे त्या आकड्यावरून माणसाला समजेल असं सांगणं फार अवघड जातं. हातानं लिहिलेल्या पार्सरमध्ये तुम्ही 'इफची अट वाचणारं फंक्शन' अशा नावाच्या जागी उभे असता. अट वाचताना कंस बंद झाला नाही, तर नेमकं तेवढंच सांगता येतं.

एका चुकीवरून पन्नास चुका निघणं, हा दुसरा जाच. वरच्या एका ओळीत प्रकाराचं (चलात आकडा राहील की मजकूर ते सांगणाऱ्या शब्दाचं) नाव चुकलं, म्हणून ते चल जाहीरच झालं नाही, म्हणून खाली जिथे जिथे ते वापरलं तिथे तिथे नवा संदेश. पडदा भरून जातो आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलं सगळंच चुकलं. गणिताचा पेपर तपासणारे चांगले गुरुजी पहिल्या पायरीतल्या चुकीचे गुण एकदाच कापतात आणि पुढच्या पायऱ्या त्या चुकलेल्या उत्तरावरून बरोबर आहेत का ते बघतात. फ्रंट-एंडला तसंच वागता येतं. चुकलेल्या वाक्यातून बाहेर पडायला पुढचा अर्धविराम किंवा बंद होणारा महिरपी कंस शोधायचा आणि तिथून नव्यानं वाचायला लागायचं. ज्या नावाचा प्रकार कळला नाही त्याला 'चुकीचा' असा एक खास प्रकार चिकटवून ठेवायचा, आणि असा प्रकार कुठल्याही राशीत आला की त्या राशीबद्दल गप्प बसायचं. एकदा सांगून झालेलं असतं. आमच्या प्रकल्पातला सगळ्यात जास्त वेळ या गप्प बसण्यावर गेला आहे, कारण फार गप्प बसलं तर खरी दुसरी चूक झाकली जाते आणि पोरगं 'आता झालं' म्हणून कंपाइल करतं तो पुन्हा नवीच अडचण पुढे येते.

आता नावांकडे येते, कारण इथे आमच्या मराठवाड्याचं काहीतरी आमच्या हातात आहे.

मुलं चलांना नावं देतात ती मराठीच असतात. बहुतेक रोमन लिपीत: किंमत, वजन, भाव, क्विंटल, पाणी. 'पाणी' एकीकडे एक 'ए' घालून लिहितात, चार ओळींनंतर दोन. कंपायलरच्या दृष्टीनं ही दोन वेगळी नावं. चांगला फ्रंट-एंड अशा वेळी जवळचं नाव सुचवतो, 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का?' असं विचारून. ही जवळीक मोजायची रीत व्लादिमिर लेवेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडली: एका शब्दावरून दुसऱ्यावर जायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं. सगळ्या बदलांना सारखीच किंमत. पण आपली मुलं कुठल्या अक्षरात चुकतात हे मला वह्या तपासताना दिसतं. ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, दीर्घाचं ऱ्हस्व. अनुस्वार राहतो. आमच्याकडे बोलण्यात 'ण' आणि 'न' एकमेकांच्या जागी सहज येतात, म्हणून वर 'पाणी' जाहीर करून खाली 'पानी' लिहिणारा दर वर्गात असतो. 'श' आणि 'स'चंही थोडंफार तसंच. म्हणून आम्ही या अदलाबदलींना कमी किंमत लावली. 'ण'चा 'न' झाला तर जवळ, 'ण'चा 'ट' झाला तर लांब. रोमनमध्ये एक 'ए' आणि दोन 'ए' जवळ. एवढ्यानं सुचवलेली नावं एकदम नेमकी यायला लागली. हे काम बर्लिनमधला किंवा कॅलिफोर्नियातला माणूस करणार नाही, त्याला ते दिसणारच नाही. ते इथे बसूनच व्हायचं.

देवनागरीतल्या नावांचा प्रश्न जास्त खोल आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, क, ख, ग ही अक्षरं एका गटात आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही चिन्हं दुसऱ्या गटांत. गो भाषेच्या नियमांनुसार नावात पहिल्या गटातली अक्षरं, अंक आणि अधोरेखाच चालते. परिणाम असा की गोमध्ये 'वय' हे नाव चालतं आणि 'नाव' हे नाव चालत नाही, कारण त्याला काना आहे. कुणी मुद्दाम हे केलेलं नाही. नियम लिहिताना ज्यांच्या लिपीत स्वरचिन्हं वेगळी जोडावी लागतात अशी माणसं त्या खोलीत नव्हती, एवढंच. पायथननं तिसऱ्या आवृत्तीपासून आणि रस्टनं २०२१ पासून युनिकोडनं नावांसाठी आखून दिलेले नियम घेतले, तिथे 'नाव' चालतं.

पण तिथेही 'दुसऱ्या' अडतं. हा आपला अर्धा 'ऱ' दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड स्वतंत्र 'ऱ' घेऊन त्याला हलन्त लावतात. काही साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. युनिकोडनं एकरूप करायची जी रीत ठरवली आहे ती 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) यांचा जोड 'ऱ'मध्ये मिळवते, या जोडचिन्हाला मात्र हात लावत नाही. 'ॲ'चंही तसंच, तोही एकाहून जास्त प्रकारे लिहिला जातो. परिणामी लॅबमध्ये एका मुलीनं मोबाइलवर टिपून ठेवलेला प्रोग्राम आणला, त्यात लॅबच्या कीबोर्डवरून भर घातली, आणि फ्रंट-एंड म्हणायला लागला की 'दुसऱ्याचे_गुण' नावाचं काही जाहीरच केलेलं नाही. वरच्या ओळीत जाहीर केलेलं स्वच्छ दिसत होतं. तिच्या डोळ्यांना दिसत होतं ते खरं होतं.

पायथन असं अदृश्य चिन्ह नावात आलं की सरळ नाकारतो. अशा चिन्हांपासून सावध राहायला कारणही आहे. २०२१ साली केंब्रिजमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की न दिसणारी चिन्हं पेरून तपासणाऱ्याला एक आणि कंपायलरला दुसराच प्रोग्राम दाखवता येतो. तेव्हापासून सगळ्यांनीच या चिन्हांकडे संशयानं पाहायला सुरुवात केली, आणि ते बरोबरच आहे. पण म्हणून 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' लिहिणाऱ्याला दारातून परत पाठवणं मला मान्य नाही. आम्ही मधला मार्ग घेतला: 'र' आणि हलन्ताच्या मागे ते जोडचिन्ह आलं तर ते स्वीकारायचं, पण नाव कोठारात ठेवताना त्याचा 'ऱ' करूनच ठेवायचं. बाकी कुठेही अदृश्य चिन्ह सापडलं तर थांबायचं आणि 'या दोन अक्षरांच्या मधे न दिसणारं चिन्ह आहे, ते काढा' असं अक्षरं दाखवून सांगायचं. लेक्सरमध्ये हे मोजक्या ओळींचं काम आहे.

चूक दाखवणारा छोटा बाणही देवनागरीत घसरतो. 'व्यक्ती' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, युनिकोडला सात चिन्हांचा आणि साठवताना एकवीस बाइटांचा. बाण किती घरं सरकवायचा, हे टर्मिनल आणि फाँट यांच्यावर ठरतं आणि दर मशीनवर वेगळं निघतं. आम्ही बाण काढून टाकला. ओळ छापायची आणि खाली चुकलेला शब्द अवतरणात पुन्हा लिहायचा.

हे सगळं परभणीत बसून करता येतं ते एलएलव्हीएम या कंपायलर बनवायच्या मुक्तस्रोत साधनसंचामुळे. इलिनॉय विद्यापीठात २००० साली विक्रम अडवे आणि त्यांचा विद्यार्थी क्रिस लॅटनर यांनी तो सुरू केला. पुढचा भाग कुणीही लिहावा, मधल्या भाषेत उतरवून द्यावा, प्रोसेसरसाठी कोड काढायचं काम मागचा भाग करील. आयबीएममध्ये १९५७ साली पहिला फोर्ट्रान कंपायलर तयार झाला तेव्हा त्यावर १८ मनुष्य-वर्षं खर्ची पडली होती असं सांगतात. आज पुढचा भाग एखादा विद्यार्थी सत्रभरात उभा करू शकतो. अडचण आली ती वेगळीच. एलएलव्हीएम स्वतः बांधायला, म्हणजे मूळ कोडपासून तयार करायला, घेतला की शेवटच्या जोडणीला मेमरी इतकी लागते की लॅबमधली चार जीबीची मशीनं जागच्या जागी अडकतात, आणि मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आमचा फ्रंट-एंड एलएलव्हीएमला जोडलेलाच नाही. तो मधली भाषा साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितो आणि मशीनवर आधीच असलेल्या, एलएलव्हीएमवर उभ्या असलेल्या क्लँगला ती फाइल देतो. याची किंमत मोजावी लागते. २०२२ साली एलएलव्हीएमच्या पंधराव्या आवृत्तीत पॉइंटर (मेमरीतला पत्ता) लिहायची रीत बदलली आणि आम्हाला आमचं सगळं लिखाण बदलावं लागलं. तरीही सौदा फायद्याचा आहे. जुन्या लॅपटॉपवर आमचा अख्खा प्रकल्प चहा होईपर्यंत बांधून होतो, आणि पोरं आत शिरायला घाबरत नाहीत.

आत शिरणं, हे मला मुक्तस्रोताचं सगळ्यात मोठं देणं वाटतं. फुकट मिळणं त्याच्या नंतर. जिंतूरकडच्या एका मुलाला इफच्या अटीत दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच टाकल्यावर येणारा आमचा संदेश कळला नव्हता. त्यानं मला तसं सांगितलं. मी त्याला ती फाइल उघडून दाखवली आणि म्हटलं, तुला कसा कळला असता तसा लिही. त्यानं लिहिलं: 'इथे तुलना होत नाही, किंमत बदलते. तुलना करायची असेल तर बरोबरचं चिन्ह दोनदा लिहा.' तपासणी झाली, दोन सूचना आल्या, त्यानं बदल केले आणि ते वाक्य आत गेलं. आता त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक मुलाला कंपायलर त्याच्या शब्दांत सांगतो. संदेश कसा असावा याचे फार नियम आम्ही केले नाहीत. काय दिसलं ते सांगायचं, काय हवं होतं ते सांगायचं, आणि 'चुकीचं', 'अवैध' असे नुसते शिक्के मारून सोडून द्यायचं नाही.

लोक आता विचारतात की चूक समजावून सांगायला एआय आहे, मग कंपायलरच्या संदेशांवर एवढी मेहनत कशाला. मी ती साधनं वापरते, मुलंही वापरतात, आणि घाबरलेल्या मुलाला त्यांचा आधार होतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्या साधनाला प्रोग्रामचा मजकूर दिसतो आणि त्यावरून ते अंदाज करतं. फ्रंट-एंडला माहीत असतं. कोणतं नाव कोणत्या ओळीत, कोणत्या कंसाच्या आत, कोणत्या प्रकाराचं जाहीर झालं, हा सगळा हिशेब त्यानं स्वतः मांडलेला असतो. ज्याच्याकडे पक्की माहिती आहे त्यानं अस्पष्ट बोलायचं आणि दुसऱ्यानं अंदाजानं ते फोड करून सांगायचं, ही व्यवस्था मला पटत नाही. शिवाय परीक्षेच्या लॅबमध्ये नेट बंद असतं. तिथे पोरीजवळ कंपायलरच असतो.

आमच्या प्रकल्पाच्या भांडारात बरोबर प्रोग्रामांपेक्षा चुकलेले जास्त आहेत. मुलं आपापले देतात. नाव-गाव काढून, त्यांना विचारून आम्ही ठेवतो. प्रत्येकाशेजारी एक फाइल, हा प्रोग्राम दिला तर कोणता संदेश कोणत्या ओळीवर यायला पाहिजे ते सांगणारी. कुणीही कोड बदलला की हे सगळे चुकलेले प्रोग्राम पुन्हा वाचले जातात आणि एखादा संदेश जागचा हलला की लगेच कळतं. क्लँग आणि जीसीसीकडेही असे साठे आहेत, फार मोठे. आमच्या साठ्यात आहे ते पहिल्या सत्रातल्या मराठी मुलांचं: लूपच्या कंसानंतर लगेच दिलेला अर्धविराम, 'मेन'चं स्पेलिंग, छापायच्या मजकुरातलं बंद न केलेलं अवतरणचिन्ह, वर्डमधून उतरवताना आलेली वाकडी अवतरणचिन्हं.

सध्या अडलं आहे ते बंद न झालेल्या महिरपी कंसापाशी. आतल्या लूपचा कंस राहिला तर बाहेरच्या फंक्शनचा कंस त्याला बंद करतो, पुढचं फंक्शन आधीच्याच्या आत गेल्यासारखं वाचलं जातं आणि फाइल संपल्यावर शेवटच्या ओळीवर बोंब होते. चूक दहाव्या ओळीत, संदेश सत्तराव्या. व्याकरणाच्या अंगानं पाहिलं तर यावर काही उत्तर नाही, कुठलाही कंस राहिलेला असू शकतो. पण माणूस ओळी आत-बाहेर सरकवून लिहितो, आणि सीला त्या समासाची पर्वा नसली तरी त्यात लिहिणाऱ्याचा हेतू दिसतो. रस्टचा कंपायलर समासावरून अंदाज घेऊन संशयित कंस दाखवतो. आम्ही तसंच करून पाहतो आहोत: प्रत्येक उघडणाऱ्या कंसाच्या ओळीचा समास टिपायचा, बंद होणाऱ्याचा त्याच्याशी ताडायचा आणि पहिल्यांदा जुळणार नाही तिथे थांबायचं. साठ्यातल्या बऱ्याच प्रोग्रामांवर हे ठीक चालतं. ज्या मुलांनी समास सोडलेलाच नाही, सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटवून लिहिल्या आहेत, त्यांच्यावर चालत नाही. पहिल्या महिन्यात अशीच मुलं जास्त असतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा उपाय शोधतो आहोत. पुढचं फंक्शन सुरू होताना 'इंट' किंवा 'व्हॉइड', मग नाव, मग कंस, अशी ओळ दिसली आणि आपण अजून आधीच्याच फंक्शनमध्ये असू, तर तिथेच थांबून विचारायचं की मागचं बंद केलंय का. ते कोड एका विद्यार्थिनीनं लिहून पाठवलं आहे आणि त्याची तपासणी चालू आहे.